चिंचोक्यांची वसाहत

मुलांनो, आज सुरुवात हिशेबाने करू या. पाटी-पेन्सिल घ्या, नाहीतर वहीचं मागचं पान काढा.

आपल्या आतड्यात ई. कोलाय नावाचे जिवाणू राहतात. त्यांना भरपूर अन्न, हवी तेवढी ऊब आणि मोकळी जागा मिळाली, तर एक जिवाणू साधारण २० मिनिटांत दुभागतो. एकाचे दोन होतात. पुढच्या २० मिनिटांत दोनाचे चार, मग चाराचे आठ. म्हणजे एका तासात एकाचे आठ झाले. दोन तासांत ६४. तीन तासांत ५१२. इथपर्यंत काही विशेष नाही. एखाद्या शाळेच्या पटावर असतात तेवढेच!

पण थांबू नका, पुढे गुणत राहा. रात्री १० वाजता एक जिवाणू ठेवून तुम्ही झोपलात, तर सकाळी ६ वाजता ते किती होतील? १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६. आणि पुऱ्या २४ तासांनी? तेव्हा संख्या इतकी मोठी होते, की ती लिहिण्यापेक्षा तिचं वजन सांगणं सोपं. साधारण एक लाख कोटी जिवाणू एकत्र केले तर १ ग्रॅम भरतात. त्या हिशेबाने एका जिवाणूची एका दिवसाची प्रजा भरेल सुमारे ४,७०० टन! दहा टनांचा एक, असे ४७० ट्रक लागतील ती उचलायला.

आता जरा खिडकीबाहेर बघा. दिसतायत का ट्रक?

नाही ना! मग चुकलं कुठे? गुणाकार तर बरोबर आहे, हवं तर पुन्हा करून बघा. गोम पहिल्याच वाक्यात आहे. 'भरपूर अन्न आणि मोकळी जागा मिळाली तर.' हे 'तर' फार वेळ टिकत नाही. वाढता वाढता दाटी होते, आणि दाटीच वाढीला लगाम घालते. हा लगाम कसा बसतो, आणि तो कागदावर मांडता येतो का, हे आज पाहू या. फळ्यावरचं गणित तर करूच, पण त्याशिवाय मूठभर चिंचोके आणि लुडोचा फासाही लागणार आहे.

यीस्टची शर्यत

पाव फुगवण्यासाठी बेकरीत यीस्ट वापरतात. यीस्ट म्हणजे एका पेशीची, डोळ्यांना न दिसणारी बुरशी. तिच्या पेशीला बाजूने कोंब फुटतो, तो मोठा होतो आणि वेगळा होतो. झाली नवी पेशी!

१९१३ साली कार्लसन नावाच्या शास्त्रज्ञाने यीस्ट वाढवून दर तासाला ते किती झालं हे मोजलं. त्याचे आकडे शंभर वर्षं उलटून गेली तरी जगभरच्या पुस्तकांत छापले जातात. आपण दर दोन तासांचे घेऊ.

सुरुवातीला : ९.६
२ तासांनी : २९.०
४ तासांनी : ७१.१
६ तासांनी : १७४.६
८ तासांनी : ३५०.७
१० तासांनी : ५१३.३
१२ तासांनी : ५९४.८
१४ तासांनी : ६४०.८
१६ तासांनी : ६५५.९
१८ तासांनी : ६६१.८

आकड्यांवर बोट ठेवून हळूहळू खाली या. प्रत्येक दोन तासांत भर किती पडली, ते वजाबाकी करून शेजारी लिहा. पहिल्यांदा १९.४ येईल. मग ४२.१, मग १०३.५, मग १७६.१. वा, काय जोर आहे! पण त्यानंतर १६२.६, ८१.५, ४६.०, १५.१ आणि शेवटी फक्त ५.९. भर आधी वाढत गेली, मध्यावर सगळ्यात मोठी झाली आणि मग आटत आटत जवळजवळ संपली. आलेखाच्या कागदावर हे ठिपके मांडून जोडलेत, तर इंग्रजीतला एस हे अक्षर कुणीतरी दोन्ही टोकांना धरून ओढावं, तशी आकृती दिसेल.

यीस्ट दमलं म्हणून थांबलं का? नाही. त्यातल्या थोड्या पेशी काढून ताज्या साखरपाण्यात टाकल्या, तर त्या पुन्हा पहिल्यासारख्या धावत सुटतात. थांबायचं कारण पेशीच्या आत नव्हतं, ते अवतीभवती होतं. साखर संपत आली होती. शिवाय साखर खाऊन यीस्ट जे अल्कोहोल बाहेर टाकतं, ते साठून साठून तिलाच बाधत होतं. आपल्या घरच्या दह्याचंही असंच. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करतात. आम्ल वाढलं की दूध दही होतं, आणि तेच आम्ल वाढत गेलं की जिवाणूंचा स्वतःचाच वेग मंदावतो.

तेव्हा 'दाटी' म्हणजे नुसती जागेची टंचाई नाही, बरं का! जागा, अन्न आणि आपणच केलेला कचरा, असे तिघे मिळून लगाम ओढतात.

एका ओळीचा नियम

हा लगाम गणितात कसा आणायचा? ही युक्ती सुचली बेल्जियम देशातल्या व्हेरहुल्स्ट या गणितज्ञाला. साल होतं १८३८. तो पेशींचा नव्हे, माणसांच्या लोकसंख्येचा विचार करत होता. त्याच्या आधी, १७९८ साली, माल्थस या इंग्रज विद्वानाने लिहून ठेवलं होतं, की लोकसंख्येला आडकाठी झाली नाही तर ती पटीने वाढत जाते. व्हेरहुल्स्टने विचारलं, की मग ती आडकाठी गणितात कशी लिहायची? पुढे १९२० साली अमेरिकेत पर्ल आणि रीड या दोघांना हेच सूत्र स्वतंत्रपणे सापडलं. नंतर पर्लने ते कार्लसनच्या यीस्टला लावून पाहिलं, आणि ते अगदी मापाने शिवल्यासारखं बसलं.

मोठं सूत्र तुम्ही कॉलेजात शिकाल. त्याचा गाभा मात्र चौथीच्या मुलालाही कळेल असा आहे :

पुढची संख्या = आत्ताची संख्या + (आत्ताची संख्या × मोकळ्या जागेचा वाटा)

समजा, एका गावात १०० घरं आहेत आणि एका घरात एकच पेशी राहू शकते. सुरुवातीला २ पेशी आहेत. म्हणजे १०० पैकी ९८ घरं मोकळी. दोघींना मिळून २ × ९८/१००, म्हणजे १.९६ पिल्लं होतील. त्याला २ म्हणू. झाल्या ४. आता मोकळी घरं ९६. ४ × ९६/१०० म्हणजे ३.८४, त्याला ४ म्हणू. झाल्या ८. असंच पुढे गेलं, की संख्या येतात त्या अशा :

२, ४, ८, १५, २८, ४८, ७३, ९३, १००.

आणि प्रत्येक वेळची भर : २, ४, ७, १३, २०, २५, २०, ७.

कार्लसनच्या यीस्टचीच चाल! पहिल्या दोन खेपांना अगदी दुप्पट, कारण गाव रिकामं आहे. गाव निम्मं भरतं तेव्हा भर सगळ्यात मोठी, कारण पिल्लं घालायला पेशीही पुष्कळ आणि घरंही पुष्कळ. मग मात्र पेशी आहेत पण घरं नाहीत. १०० झाल्यावर मोकळ्या जागेचा वाटा शून्य. शून्याने गुणलं की काय होतं, ते मी सांगायला नको!

गणितातला किल्ला

दिवाळीत तुम्ही मातीचा किल्ला करता. त्याला बुरूज असतो, दरवाजा असतो, अळिवाची हिरवळ असते. तो काही खरा रायगड नव्हे. त्यावर चढता येत नाही, तिथे वारा झोंबत नाही. पण महादरवाजा कुठे आणि बाजारपेठ कुठे, हे त्या किल्ल्यावरून लहान भावाला समजावता येतं. शास्त्रज्ञ ज्याला 'मॉडेल' म्हणतात, तेही असंच. खऱ्या गोष्टीतलं बरंचसं मुद्दाम सोडून द्यायचं, आणि जे कळून घ्यायचं आहे तेवढंच ठेवायचं.

मग मॉडेल बघताना एक प्रश्न नेहमी विचारावा. यात काय सोडून दिलंय?

व्हेरहुल्स्टच्या नियमात सोडलेली मोठी गोष्ट म्हणजे कोण कुठे बसलंय. त्याच्या गावात कुठलीही पेशी गावातल्या कुठल्याही मोकळ्या घरात पिल्लू पाठवू शकते. ढवळलेल्या साखरपाण्यात हे चालतं, कारण तिथे सगळ्या पेशी इकडून तिकडे फिरत असतात. पण पेशी एका जागी चिकटून बसल्या असतील तर?

अशा चिकटून बसलेल्या पेशी प्रयोगशाळेत रोज पाहतात. त्यासाठी काचेच्या बशीत आगर नावाच्या पदार्थाची घट्ट जेली ओतलेली असते. हे आगर मूळचं स्वयंपाकघरातलं. आपल्याकडे ते 'चायना ग्रास' म्हणून किराणा दुकानात मिळतं. जर्मनीत फॅनी हेस नावाच्या बाई घरी जेली करताना ते वापरत. १८८१-८२च्या सुमारास त्यांनीच ते जिवाणू वाढवायला सुचवलं, कारण उबेला ठेवलं तरी ते वितळत नाही. झाकणाची बशी नंतर आली, १८८७ साली, आणि ती करणाऱ्या पेट्रीच्या नावाने आजही ओळखली जाते. या जेलीवर एक जिवाणू पडला, की त्याची प्रजा तिथेच, त्याच्याभोवती वाढते. काही तासांनी डोळ्यांना दिसेल असा एक गोल ठिपका तयार होतो. त्याला म्हणतात वसाहत.

चला, मांडा डाव!

वसाहत कशी वाढते याचं मॉडेल अमेरिकेतल्या मरे ईडन यांनी १९६१ साली केलं. चौकटींचा कागद आहे अशी कल्पना करायची. एका चौकटीत एक पेशी. नवी पेशी फक्त भरलेल्या चौकटीला लागून असलेल्या रिकाम्या चौकटीतच बसणार, आणि अशा चौकटींतली कुठली भरायची ते नशिबाने ठरणार. बस, एवढंच! आपला खेळ त्याच जातीचा आहे.

एका मोठ्या कागदावर पट्टीने २० × २० चौकटी आखा. मधोमध एक चिंचोका ठेवा. आता त्याच्यासाठी फासा टाका. १ पडला तर वरची चौकट, २ पडले तर उजवी, ३ पडले तर खालची, ४ पडले तर डावी. ५ किंवा ६ पडले तर पुन्हा टाका. जी चौकट येईल ती रिकामी असेल तर तिथे नवा चिंचोका ठेवा. भरलेली असेल तर त्या चिंचोक्याची पाळी हुकली. डावाच्या सुरुवातीला जेवढे चिंचोके असतील, तेवढ्या सगळ्यांसाठी एकेकदा फासा टाकून झाला, की एक डाव पुरा. प्रत्येक डावानंतर दोन गोष्टी लिहा. एकूण चिंचोके किती झाले आणि किती पाळ्या हुकल्या.

आमच्या चौथीच्या वर्गात हा डाव मांडला, तेव्हा पहिल्या दोन-तीन डावांत मुलं कंटाळली. "बाई, हे तर नुसतं दुप्पट होतंय!" मग हळूहळू पाळ्या हुकायला लागल्या. मधे बसलेल्या चिंचोक्यांसाठी कितीही फासा टाका, चारही बाजूंना शेजारी! शेवटी एक मुलगी म्हणाली, "बाई, मधल्यांसाठी फासा टाकूच नका. ते काही बाहेर येत नाहीत. कडेचेच वाढतायत."

झालं! ईडनच्या मॉडेलचं मर्म तिने एका वाक्यात सांगितलं. आम्ही लगेच मधल्या चिंचोक्यांवर खडूचा ठिपका दिला. ठिपका म्हणजे 'झोपला'. त्यांच्यासाठी फासा नाही.

आता हे पडताळून पाहू. चिंचोक्यांची वसाहत अगदी चौकोनी आहे असं धरा. ५ × ५ची वसाहत असेल तर एकूण २५, त्यातले कडेचे १६. म्हणजे शंभरात ६४ जागे. १० × १० असेल तर १०० पैकी कडेचे ३६. २० × २० असेल तर ४०० पैकी ७६, म्हणजे शंभरात १९. आणि १०० × १०० असेल तर १०,००० पैकी फक्त ३९६. शंभरात चारसुद्धा नाहीत! वसाहत जितकी मोठी, तितका तिच्यातला जागा भाग लहान. म्हणून ती दुप्पट-दुप्पट वाढत नाही. तिची कड मात्र दर डावाला साधारण सारख्याच अंतराने पुढे सरकते. तळ्यातल्या लाटेचं वर्तुळ पुढे जातं ना, तशी.

हे खऱ्या जगात बघायचं असेल तर ओलसर पावाचा तुकडा पारदर्शक पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. चार-सहा दिवसांत त्यावर बुरशीचा गोल डाग दिसेल. रोज एकाच वेळी, पिशवीवरूनच, पट्टीने त्याची रुंदी मोजा आणि लिहून ठेवा. पिशवी अजिबात उघडायची नाही हं! प्रयोग संपला की आहे तशी कचऱ्यात टाका. बुरशीचे धागे असतात, त्या काही आपल्या चिंचोक्यांसारख्या सुट्या पेशी नव्हेत. पण तिचीही धाव कडेलाच असते. डागाची रुंदी रोज दुप्पट होते, की रोज साधारण तेवढीच भर पडते, हे तुम्हीच ठरवा.

खरचटलेला गुडघा

आतापर्यंत आपण जिवाणू आणि बुरशीबद्दल बोललो. आता आपल्याकडे येऊ.

खेळताना गुडघा खरचटतो. खपली धरते. तिच्याखाली जखमेच्या काठावरच्या त्वचेच्या पेशी दुभागतात, आत सरकतात आणि उघडी जागा झाकत जातात. दोन्ही काठ एकमेकांना भेटतात. आणि मग? मग त्या थांबतात! कधी विचार केलात, की त्यांना थांबायला कोण सांगतं? गुडघ्यावर कातडीचा डोंगर का होत नाही?

त्वचेत याला बरेच इशारे असतात, पण त्यातला एक मोठा इशारा आहे शेजाऱ्याचा स्पर्श. लंडनमध्ये अबरक्रॉम्बी आणि जोन हीसमन या दोघांनी १९५३-५४ साली कोंबडीच्या पिलाच्या हृदयातल्या पेशी काचेवर वाढवून त्यांची हालचाल पाहिली. काचेवर सरपटत चाललेली पेशी दुसरीला भिडली, की त्या दिशेला सरकणं थांबवायची. १९६३ साली अमेरिकेत टोडारो आणि ग्रीन यांनी उंदराच्या पेशींचा एक वंश तयार केला. त्या बशीचा तळ भरेपर्यंत वाढायच्या, आणि एकावर एक न चढता, एकच थर झाला की दुभागणं थांबवायच्या. या वंशाचं नाव आहे ३-टी-३. कारण दर ३ दिवसांनी ३ लाख पेशी नव्या बशीत घालून तो तयार केला. आहे की नाही आपल्या पाढ्यांसारखं नाव!

पेशींच्या अंगावर कॅडहेरिन नावाची प्रथिनं असतात. शेजारणीच्या तशाच प्रथिनांत ती अडकतात, जणू रांगेत हातात हात घालावा तशी. चारी बाजूंनी हात धरले गेले, की आतपर्यंत निरोप जातो, 'आता पुरे.' आपल्या चिंचोक्यांची पाळी हुकते ती चौकट भरलेली असते म्हणून. शरीरातली पेशी त्याहून शहाणी. ती शेजार ओळखून आपणहून थांबते.

एक बटण

आता डावात एक बदल करा. वसाहत २५-३० चिंचोक्यांची झाली, की त्यातला एक काढून तिथे शर्टाचं एक बटण ठेवा. बटणालाही फासा तोच, पाळीही एकच. फरक एवढाच, की समोरची चौकट भरलेली असली तरी त्याची पाळी हुकत नाही. तिथे जे असेल त्याच्यावर ते नवं बटण चढवतं. नव्या बटणालाही हाच नियम.

पहिल्या डावात २ बटणं. मग ४, ८, १६. पाचव्या डावाला ३२! भोवतीचे चिंचोके झोपलेले, आणि मधे बटणांचा ढीग.

नीट लक्षात घ्या, बटण चिंचोक्यापेक्षा चपळ नव्हतं. त्याला जास्त वेळा फासा मिळाला नाही. ते फक्त थांबलं नाही.

कॅन्सर म्हणतात त्या आजारात पेशींचं नेमकं हेच बिघडतं. लोकांना वाटतं, कॅन्सरच्या पेशी राक्षसासारख्या झपाट्याने वाढतात. पण पुष्कळदा त्यांचा वेग आपल्या आतड्याच्या अस्तरातल्या किंवा हाडांच्या मगजातल्या निरोगी पेशींपेक्षा जास्त नसतो. निरोगी पेशी 'पुरे' म्हटलं की थांबते, ही थांबत नाही. अर्थात खऱ्या शरीरात एका रात्रीत बटण होत नाही. पेशीत एकामागून एक असे अनेक बिघाड साठावे लागतात, त्याला बहुधा वर्षानुवर्षं लागतात.

आणि गंमत बघा, दाटीचा नियम या बंडखोर पेशींनाही सुटलेला नाही. रक्तवाहिनीपासून प्राणवायू साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरपर्यंतच झिरपतो, म्हणजे वहीच्या एक-दोन पानांच्या जाडीएवढाच. गाठ मोठी झाली की तिच्या आतल्या पेशी गुदमरतात. काही मरतात, काही झोपून राहतात. वाढायचं असेल तर गाठीला नव्या रक्तवाहिन्या ओढून घ्याव्या लागतात. 'मग त्या वाहिन्याच तोडल्या तर?' असं बोस्टनच्या फोकमन नावाच्या सर्जनने १९७१ साली सुचवलं. या विचारावर बेतलेलं औषध कॅन्सरसाठी अमेरिकेत मंजूर झालं २००४ साली. तेहतीस वर्षं लागली.

आजीचे केस

बटणांचा डाव संपल्यावर वर्गातला एक मुलगा माझ्याजवळ आला. त्याच्या आजीवर कॅन्सरचे उपचार चालू होते. त्याने हळूच विचारलं, "बाई, गाठ पोटात आहे, मग आजीच्या डोक्यावरचे केस का गेले?"

तुमच्यापैकी कुणाच्या घरी किंवा शेजारी असं कुणी असेल, म्हणून त्याला जे सांगितलं ते इथेही सांगते. यातली पुष्कळशी औषधं दुभागणाऱ्या पेशीवर घाव घालतात. झोपलेल्या पेशीला त्यांचा फारसा त्रास होत नाही. केसांच्या मुळाशी पेशी सारख्या दुभागत असतात, म्हणून तर केस वाढतात. औषधाला शत्रू-मित्र नीट ओळखता येत नाही, ते जाग्या पेशींना मारतं. म्हणून केस गळतात. औषध मधे मधे थांबवून, पाळ्यापाळ्यांनी देतात. त्या थांब्यात निरोगी पेशींना सावरायला वेळ मिळतो. आणि गाठीच्या आतल्या ज्या झोपलेल्या पेशी पहिल्या खेपेला वाचल्या, त्यातल्या काही कडेच्या पेशी मेल्यावर जाग्या होतात आणि पुढच्या खेपेला सापडतात. उपचार संपले की केस बहुतेक वेळा परत येतात.

तो मुलगा थोडा वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मधल्यांना उठवून मारायचं." मी म्हटलं, "अगदी बरोबर."

डॉक्टर आणि गणितज्ञ मिळून आज हेच करतात, फक्त चिंचोक्यांऐवजी संगणक घेऊन. गाठ कुठल्या कडेने वाढेल, औषध किती दिवसांच्या अंतराने द्यावं, आतल्या किती पेशी वाचतील, हे आधी संगणकावरच्या चौकटींत खेळून बघतात. मातीचा किल्ला तो. त्यावरून खरा गड सर होत नाही, पण वाट कुठून आहे हे तरी कळतं.

दोन गोष्टी मात्र पक्क्या ध्यानात ठेवा. कॅन्सर झालेल्या माणसाजवळ बसलं, त्याच्या ताटात जेवलं, तर तो आपल्याला होत नाही. तेव्हा आजीजवळ खुशाल बसा. आणि 'तिने काहीतरी वाईट केलं असेल' असं कुणी म्हणालं तर त्याला आपला बटणाचा डाव दाखवा. एका पेशीने थांबायचा निरोप ऐकला नाही, यात माणसाचं पाप काहीच नसतं.

आता तुमची पाळी

पहिला खेळ : चिंचोका मधोमध न ठेवता कागदाच्या कोपऱ्यात ठेवून डाव मांडा. पहिल्याच डावापासून पाळ्या जास्त हुकतात का, ते बघा.

दुसरा खेळ : दोन चिंचोके लांब लांब ठेवून दोन वसाहती वाढवा. त्या एकमेकींना भिडतात तिथे कडेचं काय होतं? जखमेचे दोन काठ आठवा.

आणि हे कोडं : एका कागदावर ५ × ५च्या दोन वेगवेगळ्या वसाहती आहेत, एकमेकींपासून दूर. दुसऱ्या कागदावर ५ × १०ची एकच वसाहत आहे. चिंचोके दोन्हीकडे ५०च. मग पुढच्या डावात कुठल्या कागदावर जास्त भर पडायची शक्यता आहे, आणि का? आधी कडेचे चिंचोके मोजा. उत्तर आपोआप सापडेल, पण 'का' ते मात्र पूर्ण वाक्यात लिहायचं, बरं का!